फक्त एक सही हवी, फादर!

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या दिवसांत, सायंकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या ऑफिसात येऊन बसतो न बसतो तोच आमच्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ आपल्या मुलासह आत आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि लग्नाची छापील पत्रिका. मुलाचे लग्न इटलीमध्ये, एका सरोवराच्या काठी असलेल्या लहानशा जुन्या चर्चमध्ये ठरले होते. तारीख सात आठवड्यांवर आली होती. विमानाची तिकिटे काढून झाली होती, हॉटेल ठरले होते, छायाचित्रकारालाही आगाऊ रक्कम पोहोचली होती. "तिकडच्या मंडळींनी आपल्या चर्चचे काहीतरी पत्र मागितले आहे," ते सहजपणे म्हणाले, "फक्त एक सही हवी, फादर!"

हे काम एका सहीचे नाही, असे मी सांगताच त्यांचा चेहरा उतरला. काय काय लागते ते मी सांगू लागलो तेव्हा उतरलेला चेहरा तापला. "फादर, दोघे सज्ञान आहेत, दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, दोन्ही घरांची संमती आहे. देवाच्या घरात प्रेमापेक्षा कागद मोठा झाला काय?" असे विचारून ते उठले. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला.

त्यांचा प्रश्न रागाने विचारलेला असला तरी तो त्यांच्या एकट्याचा नाही. आज आपल्या अनेक घरांत तो दबक्या आवाजात विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तरही चारचौघांत द्यावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथमच स्पष्ट करतो की, परदेशात विवाह करण्याला माझा विरोध नाही. आपला समाज आता गावच्या वेशीत मावणारा राहिलेला नाही. आपली मुले आखातात आहेत, जहाजांवर आहेत, कॅनडा-ऑस्ट्रेलियात आहेत. जिथे माणूस राहतो, राबतो, प्रार्थना करतो तिथे त्याने विवाहबद्ध व्हावे यात गैर काहीच नाही. माझे भांडण आहे ते एका वृत्तीशी. हॉलची चौकशी वर्षभर आधी करायची, कॅटररला तीनदा भेटायचे, आणि ज्या कायद्याने व ज्या संस्काराने दोन माणसे पतिपत्नी होतात त्याची आठवण मात्र सर्वांत शेवटी, तीही कटकट म्हणून करायची, ही ती वृत्ती होय.

एक दार की दोन?

या अज्ञानाचे एक कारण आपल्या सोयीत दडलेले आहे. आपल्या देशात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ख्रिस्तसभेच्या धर्मगुरूला आपल्या विधीनुसार विवाह लावण्याचा अधिकार दिलेला आहे. आपण वेदीसमोर उभे राहतो, साक्रामेंत स्वीकारतो, मिस्सानंतर नोंदवहीत सह्या करतो, आणि त्या एकाच सोहळ्यात ख्रिस्तसभेच्या दृष्टीने व सरकारच्या दृष्टीनेही विवाह होतो. एकाच दारातून आत गेलो की दोन्ही घरे गाठली जातात. पिढ्यान्पिढ्या असे चालत आल्यामुळे मुळात दारे दोन आहेत हेच आपण विसरलो. गोव्यातील आपल्या बांधवांना मात्र ते ठाऊक आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे वधूवर आधी नागरी निबंधकाकडे जाऊन आपला इरादा नोंदवितात आणि त्याचा दाखला घेऊन मगच चर्चमध्ये विवाह होतो.

परदेशात गेल्यावर ही दोन दारे वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. फ्रान्सचेच उदाहरण घ्या. तेथे १७९२ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, विवाहाची नोंद चर्चकडून काढून नगरपालिकेकडे देण्यात आली. आजही तेथे कायद्याने मान्य विवाह होतो तो नगरपालिकेच्या कार्यालयात, आणि तोही चर्चमधील विधीच्या आधी. नागरी विवाहाचा दाखला न पाहता धार्मिक विवाह लावण्याचा परिपाठ ठेवणारा धर्मगुरू तेथे फौजदारी गुन्ह्यास पात्र ठरतो. इंग्लंडमध्ये नागरी नोंदणी कार्यालयात आधी सूचना द्यावी लागते. ती देण्यापूर्वी किमान सात दिवस त्या भागात वास्तव्य लागते, आणि सूचनेनंतर किमान २८ दिवस थांबावे लागते. केवळ विवाहासाठी तेथे जाणाऱ्या परदेशी माणसाला त्यासाठीचा वेगळा व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून जाऊन, चार दिवसांत लग्न लावून परत येऊ, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

इटलीचा रस्ता

आमच्या सद्गृहस्थांनी निवडलेला देश इटली. तेथील व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. पोप अकरावे पायस यांच्या काळात, ११ फेब्रुवारी १९२९ रोजी परमधर्मपीठ व इटली यांच्यात करार झाला आणि १८ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यात मोठी सुधारणा झाली. या करारामुळे तेथे चर्चमध्ये झालेल्या विवाहाला नागरी मान्यता मिळू शकते. पण ती आपोआप मिळत नाही. विधीनंतर धर्मगुरूला इटलीच्या नागरी संहितेतील १४३, १४४ व १४७ ही कलमे वधूवरांना वाचून दाखवावी लागतात. पतिपत्नींची परस्परनिष्ठा, एकत्र राहणे, परस्परांना साहाय्य, संसाराचे निर्णय एकमताने घेणे आणि मुलांचे पालनपोषण ही कर्तव्ये त्यांत आहेत. नंतर विवाहाची नोंद दोन मूळ प्रतींत करून त्यांपैकी एक पाच दिवसांच्या आत नगरपालिकेच्या निबंधकाकडे पाठवावी लागते. तेथे ती उतरविली गेली म्हणजेच राज्याच्या दृष्टीने विवाह झाला.

त्यासाठी वधूवरांनी काय आणायचे? इटलीच्या नागरी संहितेचे ११६ वे कलम परदेशी माणसाकडून त्याच्या स्वतःच्या देशाच्या अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र मागते: या व्यक्तीच्या विवाहास तिच्या देशाच्या कायद्यानुसार कोणतीही हरकत नाही. त्याला तेथे 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. सर्वसाधारणपणे ते तेथील आपल्या दूतावासाकडून वा वकिलातीकडून घ्यावे लागते आणि त्यावरील सही प्रीफेक्टच्या कार्यालयातून प्रमाणित करून घ्यावी लागते. आपल्याकडून न्यायच्या सरकारी दाखल्यांवर 'अपोस्टिल' नावाचे प्रमाणन लागते. त्याविषयीच्या हेग येथील १९६१ च्या करारात भारत २००५ पासून सहभागी आहे. जे देश त्या करारात नाहीत, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरात, त्यांच्यासाठी त्यांच्या दूतावासाचे प्रमाणन घ्यावे लागते.

हे झाले राज्याचे दार. ख्रिस्तसभेचे दार वेगळे. आपल्या कायदासंहितेच्या १११५ व्या कलमाप्रमाणे विवाह वधू किंवा वर यांपैकी एकाच्या धर्मग्रामात, जिथे त्यांचे घर आहे किंवा निदान महिनाभराचे वास्तव्य आहे तिथे, व्हावा. अन्यत्र करायचा तर आपल्या धर्मग्रामगुरूंची वा बिशपांची परवानगी हवी. त्याखेरीज स्नानसंस्काराचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र आणि दोघांची स्वतंत्रपणे केलेली विवाहपूर्व चौकशी, एवढी कागदपत्रे आमच्या ऑफिसातून बिशप हाऊसकडे आणि तेथून तिकडच्या धर्मप्रांताकडे जातात. याला सात आठवडे पुरत नाहीत.

स्नानसंस्काराच्या दाखल्यावरून नेहमीच वाद होतो. आई ट्रंकेतून पिवळा पडलेला कागद काढून आणते आणि म्हणते, "फादर, हा मूळ दाखला, याहून खरा कोणता?" पण आम्हाला हवा असतो गेल्या सहा महिन्यांत दिलेला. तो का? माणसाचा विवाह जगाच्या पाठीवर कुठेही झाला तरी त्याची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या वहीत, त्याच्या नावापुढे करावी असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. माणसे बोटीने दूरदेशी जाऊ लागल्यावर, १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या आज्ञापत्राने तो घालून दिला. ट्रंकेतला कागद तुम्ही तान्हे असतानाची गोष्ट सांगतो. ताजा दाखला सांगतो की, आजपर्यंत या नावापुढे दुसऱ्या कुणाचे नाव लिहिलेले नाही. ज्या मुलीला परक्या देशात एका पुरुषाच्या हाती आपला हात द्यायचा आहे, तिच्या दृष्टीने या एका ओळीचे मोल किती आहे, याचा विचार तिच्या बापाने करावा.

"फादर, मी कोण?"

हे मी पुस्तके वाचून बोलत नाही. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका मुलीची ही हकीकत. मुलगा परदेशात नोकरीला होता. लग्न तिकडेच, एका रम्य बागेत करायचे ठरले. कागदपत्रे वेळेत झाली नाहीत. विवाहसोहळे आयोजित करणाऱ्या मंडळींनी तोडगा काढला: "सोहळा ठरल्याप्रमाणे करू, कायद्याचे नंतर बघू." फुलांची कमान उभारली गेली, सूट घातलेल्या एका गृहस्थाने वचने वाचून घेतली, अंगठ्या झाल्या आणि लाल फीत बांधलेले एक सुबक प्रमाणपत्र दोघांच्या हाती देण्यात आले. ते 'नंतर' कधी आलेच नाही. दीड वर्षाने तिला कळले की, त्याने दुसऱ्या एका बाईशी सरकारी कार्यालयात रीतसर विवाह केला आहे.

ती परत आली आणि एके दिवशी ते प्रमाणपत्र घेऊन माझ्यासमोर बसली. मी ते उलटसुलट करून पाहिले. त्यावर कुठल्याही सरकारचा शिक्का नव्हता, कुठल्याही चर्चचा नव्हता. "फादर," तिने विचारले, "मी कोण? लग्न झालेली की न झालेली?" ज्या देशात तो सोहळा झाला तेथील कायद्याच्या दृष्टीने तिचा विवाह झालेला नव्हता. ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही नव्हता. कायद्याच्या भाषेत याला 'मोकळी' म्हणतात. पण तो शब्द मला तिच्यासमोर उच्चारवला नाही. फसवणुकीची तक्रार करायची तर कुठल्या देशात, पोटगी मागायची तर कोणत्या नात्याने, याचे उत्तर मी तिला ज्यांच्याकडे पाठविले त्या वकिलांपाशीही नव्हते.

वाचकहो, छायाचित्रांच्या अल्बममध्ये सगळे सोहळे सारखेच दिसतात. राज्याने व ख्रिस्तसभेने मानलेला, केवळ ख्रिस्तसभेने मानलेला आणि कुणीच न मानलेला, या तिन्हींत पांढरा झगा तोच असतो व फुलेही तीच असतात. फरक दिसतो तो संकट आल्यावर. आणि अनुभव असा की, त्या फरकाची किंमत बहुधा मुलीलाच मोजावी लागते.

प्रेमापेक्षा कागद मोठा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न चारशे-पाचशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. त्या काळी दोघांनी एकांतात परस्परांना वचन दिले तरी ख्रिस्तसभा तो विवाह वैध मानीत असे, कारण विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने. तत्त्व निर्दोष होते, पण त्याचा गैरफायदा घेणारे निघाले. एकीला गुपचूप वचन द्यायचे आणि पुढे दुसरीशी उजळ माथ्याने लग्न करायचे. पहिली तक्रार घेऊन आली की म्हणायचे, साक्षीदार दाखव! त्या अभागिनीपाशी साक्षीदार कुठून असणार? अखेरीस ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ठरविले की, यापुढे धर्मग्रामगुरू आणि दोन वा तीन साक्षीदार यांच्यासमोर झालेला विवाहच वैध, आणि त्याची नोंद वहीत झालीच पाहिजे. आमच्या ऑफिसातील जाडजूड वह्यांचा उगम हा असा आहे. फसविल्या गेलेल्या स्त्रियांच्या अश्रूंतून तो कायदा आला. त्याला 'कारकुनी' म्हणून हिणविण्यापूर्वी एवढा इतिहास आठवावा.

इंग्लंडमध्येही चोरटे विवाह रोखण्यासाठी १७५३ साली कायदा झाला आणि पुढील वर्षापासून तेथे अँग्लिकन चर्चमध्ये झालेला विवाहच कायदेशीर ठरू लागला. क्वेकर आणि ज्यू यांना त्यातून सूट होती, कॅथलिकांना नव्हती. १८३६ चा कायदा होईपर्यंत आपले तिकडचे कॅथलिक बांधव कायद्यासाठी परक्या वेदीपुढे उभे राहत आणि साक्रामेंतासाठी आपल्या धर्मगुरूकडे जात. छळ सोसून त्यांनी दोन्ही दारे गाठली. आणि आम्हाला मात्र एका अर्जाचा कंटाळा येतो!

"नंतर फक्त आशीर्वाद द्या"

काही घरांत याच्या उलट चूक होते. व्हिसाची घाई म्हणून परदेशात सरकारी कार्यालयात विवाह उरकला जातो आणि सुट्टीवर आल्यावर निरोप येतो, "फादर, लग्न झालेच आहे, नुसता आशीर्वाद द्या." आपल्या दूतावासातही १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली विवाह करता येतो. त्यासाठी एक पक्ष भारतीय नागरिक हवा, वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण हवे, दोघांपैकी एकाचे तेथे ३० दिवसांचे वास्तव्य हवे, आणि सूचना लावून हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत १ फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी नागरी विवाहाचा नवा कायदा लागू झाला आहे. या सोयी चांगल्याच आहेत आणि त्यांनी राज्याचे दार उघडते. पण कॅथलिक व्यक्तीचा विवाह ११०८ व्या कलमाप्रमाणे अधिकृत धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावा लागतो. बिशपांची सूट नसताना केवळ नागरी विवाह झाला असेल, तर ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाह अजून व्हायचा आहे. तेव्हा मागायचा असतो तो आशीर्वाद नव्हे. दोघांनी आपली संमती नव्याने द्यायची असते.

हे कठोर वाटेल. पण ख्रिस्तसभेचा कायदा दगडाचा नाही. जिथे चर्च नाही आणि महिनाभर धर्मगुरू मिळण्याची आशाही नाही, तिथे केवळ दोन साक्षीदारांसमोर विवाह करण्याची मोकळीक १११६ वे कलम देते. जोडीदार अन्यधर्मीय असेल आणि गंभीर अडचण असेल, तर ठरलेल्या विधीतून सूट देण्याचा अधिकार बिशपांना आहे. वाट असते. विचारायला मात्र वेळेवर यावे लागते.

थोडे आमच्याविषयी

दोष केवळ प्रापंचिकांचा आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. विवाहपूर्व चौकशीचे प्रश्न आम्ही धर्मगुरूही कित्येकदा रेल्वेच्या उद्घोषणेसारखे वाचून टाकतो. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या मुलासाठी घोषणांना सूट मागतो, कारण घरचे प्रतिष्ठित असतात. दूरच्या धर्मग्रामातून आलेले विवाहाचे पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि स्नानसंस्काराच्या वहीतली ती एक ओळ लिहायची राहून जाते. माझ्या हातूनही असे घडले आहे, हे कबूल करतो. आम्हीच सही स्वस्त केली, तर लोकांनी ती 'फक्त एक सही' समजावी यात नवल ते काय?

गावात विवाह ठरला की तीन रविवार वेदीवरून घोषणा होते. ती ऐकणारे गाव वधूवरांना ओळखते. कुणाला काही ठाऊक असेल तर तो फादरांच्या कानावर घालतो. परदेशातील त्या सरोवराकाठच्या चर्चमध्ये वधूवरांना ओळखणारे कोण असते? तेथील धर्मगुरूला त्यांचे नावही उच्चारता येत नाही. सारे गाव विमानात घालून नेता येत नाही, म्हणून गावाची साक्ष कागदावर जाते. मी सही करतो तेव्हा एकटा मी ती करीत नाही. या मुलाला लहानपणापासून पाहिलेले शेजारी, त्याला धर्मशिक्षण देणारी सिस्टर, त्याचे धर्ममातापिता, सारा धर्मग्राम त्या सहीतून सांगत असतो की, हा आमचा आहे आणि हा मोकळा आहे.

म्हणून मागणे एवढेच आहे. परदेशात विवाह ठरवीत असाल तर हॉल ठरविण्याआधी, निदान सहा महिने अगोदर, आपल्या धर्मगुरूंना भेटा. त्या देशात आपल्यासाठी नागरी विवाह कोणत्या दारातून होतो आणि तो चर्चमधील विधीच्या आधी, सोबत की नंतर, हे त्या देशाच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. आयोजकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. सोहळ्यानंतर सरकारी दाखला हाती पडल्याशिवाय, आणि आपल्या स्नानसंस्काराच्या चर्चमध्ये नोंद पोहोचल्याची खात्री केल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नका. आणि मुलीच्या आईबापांनो, 'कायद्याचे नंतर बघू' हे शब्द ज्या घरातून येतील, त्या घराशी बोलणी तिथेच थांबवा.

त्या सद्गृहस्थांचे काय झाले, असे कुणी विचारील. ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी मुलगा एकटाच वही घेऊन आला आणि त्याने यादी उतरून घेतली. लग्न पुढे ढकलावे लागले, काही पैसे बुडाले आणि नातेवाइकांत कुजबुजही झाली. शेवटी या वर्षी एप्रिल महिन्यात, ईस्टरनंतर, त्याच सरोवराकाठी विवाह झाला. नोंदीचे पत्र तिकडून आले आहे, आणि या खेपेस मी ते ड्रॉवरमध्ये ठेवले नाही. ज्या दिवशी आले त्याच दिवशी वही काढली आणि मुलाच्या नावापुढे ती ओळ लिहिली.

योसेफ आणि मरिया, प्रसूतीचे दिवस भरत आलेले असताना, सरकारदरबारी नाव नोंदविण्यासाठी बेथलेहेमची वाट चालले. वेदीपुढे हातात हात देणाऱ्यांना चर्चच्या ऑफिसची वाट लांबची वाटू नये.